तुमचा पोत

आधीच सांगते, मला राग लवकर येतो. आमची पिठाची गिरणी आहे, आणि पट्ट्याच्या खडखडाटात दिवसभर ओरडून बोलायची सवय लागली की साधं 'पाणी दे' म्हटलं तरी समोरच्याला भांडण वाटतं. त्यामुळे पुढं मी जिथं जिथं ओरडले असेन, तिथं सगळाच राग होता असं धरू नका. थोडा दोष गिरणीचाही आहे.

आमची वस्ती कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या अलीकडं. घरात दोघं भाऊ. थोरले श्रीमंत भाऊजी आणि धाकटा माझा नवरा वाल्मिक. थोरल्यांची बायको गोजरबाई, म्हणजे माझी जाऊ. मी तिला आक्का म्हणते. नवी नवरी होते तेव्हा अहोजाहो करायचे. मग एकदा दोघींचं चुलीवरून कडाक्याचं भांडण झालं, त्या भांडणात 'तुम्ही' जे घराबाहेर गेलं ते परत आलंच नाही. तेव्हापासून आमचं बरं चाललंय. दिवसाला एक भांडण आणि एका ताटात जेवण.

तर यंदा पावसाळ्याच्या शेवटी नगरच्या एका दवाखान्याची गाडी वस्तीवर आली. बोर्डावर अहिल्यानगर लिहिलेलं, पण आमच्या तोंडात नगरच. चाळिशीच्या पुढच्या बायकांच्या छातीचा फोटो काढायचा, आत कुठं गाठबिठ आहे का बघायचं, असं होतं. पुढारीपण माझ्याकडं. मी घरोघरी जाऊन एकेकीला हाकलून आणलं. राहीबाई म्हणाली शेण काढायचंय, म्हटलं शेण कुठं पळून जात नाही. सगळ्यात जास्त त्रास दिला आक्कानं.

"मला काय धाड भरलीया?" ती म्हणाली.

"नाही भरली तेच बघायचंय. चल."

गाडीत चढली ती फाशी चढल्यासारखी. आत रोहिणी नावाची मुलगी होती, मशीन चालवणारी. गोड बोलायची. म्हणाली, "मावशी, गळ्यातलं काढून ठेवा. फोटोत येतं ते."

संपलं! आक्का तिथंच खाली बसली. "मालक जित्ता हाय माझा. पोत कशी काढू?"

आमच्याकडं काळ्या मण्यांच्या, सोन्याच्या वाट्या ओवलेल्या सरीला पोत म्हणतात. लग्नात गळ्यात पडली की मग ती उतरायची कधी, ते बोलायला नको. बाहेर रांगेतल्या बायकांनीही माना डोलावल्या. शेवटी मी राहीबाईच्या घरातून हळकुंड आणलं, दोऱ्यात ओवून आक्काच्या मनगटाला बांधलं. सौभाग्य तेवढ्यापुरतं मनगटावर आलं, तेव्हा कुठं पोत उतरली.

फोटो काढून झाल्यावर रोहिणीनं सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. म्हणाली, "डॉक्टर तर फोटो बघतीलच, पण आता संगणकही बघतो. तो पोत बघतो. कापडाचा असतो ना पोत, कुठं दाट, कुठं विरळ? तसा आतल्या भागाचाही असतो. डोळ्याला जे दिसत नाही ते त्याला मोजता येतं. त्यावरून पुढं कुणाला जोखीम जास्त, ते कळतं. काही वाटलं तर आम्ही फोन करू."

दुसऱ्याच दिवशी मी श्रीरामपूरला गेले, माझ्या निकिताच्या बाळंतपणाला. नातू झाला. आजी झाल्याचं कौतुक करून घेत महिनाभर राहिले. घरून फोन यायचे, सगळं बरं आहे म्हणायचे. मीही बाळाच्या लंगोटांत बुडालेली, फार खोदून विचारलं नाही.

परत आले ती दुपारची वेळ होती. फाट्यावर उतरले तर समोरून राहीबाई. तिचा गळा मोकळा. माझ्या काळजात धस्स झालं. तिचा नवरा तसा दम्याचाच. मी काही विचारलं नाही, नुसता तिचा हात दाबला. ती म्हणाली, "पोराचं सगळं बरं ना?" मनात म्हटलं, काय धीराची बाई आहे.

पुढं विहिरीपाशी आणखी एक बाई. तिचाही गळा मोकळा. मग तिसरी. साथ आली का काय वस्तीवर? आणि मला कुणी कळवलं नाही? तशीच धावत सुटले. अंगणात आक्का तूर निवडत बसलेली. मान खाली. गळा मोकळा.

पिशवी कुठं पडली मला माहीत नाही. मी उंबऱ्यात बसून हंबरडा फोडला. "भाऊजी! अहो भाऊजी! असं कसं हो सोडून गेलात!"

शेळ्यांच्या गोठ्यातून टॉवेलला हात पुसत भाऊजी बाहेर आले. "काय झालं गं सुरेखा? कोन गेलं?"

"तुम्ही!" मी म्हटलं.

भाऊजींनी आधी स्वतःकडं बघितलं, मग आक्काकडं. ते मुळात कमी बोलतात. "मला कुनी सांगितलं न्हाई," एवढंच म्हणाले आणि परत गोठ्यात गेले.

मग माझी सटकली. "आक्का, पोत कुठाय तुझी?"

"कनगीत."

"ज्वारीत? आणि ती का?"

आक्कानं सूप बाजूला ठेवलं. "अगं, त्या गाडीतल्या पोरीचा फोन आल्ता. म्हनली संगनकानं पोत बघितली. जोखीम लई हाय म्हनली, नगरला या. आता तूच सांग, जोखीम अंगावर घिऊन येष्टीनं नगरला जाऊ? ते माळीवाड्याचं स्टँड, ती गर्दी! पोत घातली कनगीत, अन् नगरचं केलं रद्द."

आता आमच्याकडं अंगावरच्या सोन्याला जोखीमच म्हणतात. 'लग्नाला चाललीस, जोखीम सांभाळ,' असं प्रत्येक घरातली म्हातारी सांगते. तर आक्कानं हे वस्तीवर सांगितलं, आणि वस्तीनं विचार केला की जो संगणक गोजरबाईची पोत बघतो तो आपली बघणार नाही कशावरून? एवढं मोठं यंत्र उगाच सांगेल का? चोर टपलेत म्हणूनच सांगतंय. झालं! पटापट सगळ्या पोती उतरल्या आणि कणगीत, पिठाच्या डब्यात, देवामागं जाऊन बसल्या. सासवांनी बोंब मारली, पण सोन्याच्या जिवासाठी त्यांनीही सोसलं.

मी हसले. इतकी हसले की पोटात कळ आली. गोठ्यातून भाऊजींच्या खोकण्याचा आवाज आला, तेही हसत होते वाटतं. आक्का मात्र सूप घेऊन परत तूर निवडायला लागली. आणि हसता हसताच माझ्या डोक्यात उजेड पडला. पोत म्हणजे ती पोत नव्हे. रोहिणी आक्काच्या गळ्यातल्या मण्यांबद्दल बोललीच नव्हती. ती छातीच्या आतल्या पोताबद्दल बोलली होती. आणि त्याला महिना होत आला होता.

हसू जागच्या जागी थिजलं. मी नंबर शोधून रोहिणीला फोन लावला.

"अहो, मी त्यांना तीनदा फोन केला," ती म्हणाली. "नंतर एका गृहस्थांनी उचलला. म्हणाले, पोत कणगीत आहे, सुरक्षित आहे, तुम्ही काळजी करू नका. आणि फोन ठेवला. मला वाटलं कणगीत म्हणजे कुठलातरी दवाखाना असेल."

"रोहिणीबाई, मला सरळ सांगा. काय आहे?"

"घाबरू नका. आजार आहे असं कुणी म्हटलेलं नाही. पण गोजरबाईंचा पोत दाट आहे, आणि डाव्या बाजूला एका जागी तो जरा वेगळा दिसतोय. तिथं परत फोटो काढायचाय, सोनोग्राफी करायचीय. डॉक्टर थांबल्यात त्यांच्यासाठी. आता उशीर नको."

फोन ठेवला आणि मी गिरणीच्या आवाजात सुरू झाले. "उद्या सकाळच्या गाडीनं नगर! कळलं का?"

"उद्या कशी? ज्वारीची पेरनी हाय."

"पेरणी वाल्मिक करील."

"शेळी व्यायला झालीया."

"शेळीकडं भाऊजी बघतील. नाहीतर शेळी भाऊजींकडं बघेल. तू यायचं म्हणजे यायचं!"

आक्का काही बोलली नाही. संध्याकाळी मी घरोघरी फिरून पोतींचा खुलासा केला. बायका खूप हसल्या. "गोजरबाई म्हंजे अगदीच भोळी बाई!" असं सगळ्यांचं ठरलं, आणि ज्यांनी स्वतःची पोत पिठात पुरली होती त्यांनीच ते मोठ्यानं म्हटलं. आक्का ओट्यावर बसून सगळं ऐकत होती.

सकाळी गाडी मिळाली. आक्का खिडकीशी, गळ्यात पोत, डोक्यावरून पदर. मिरजगाव गेलं तरी ती गप्प. मला गप्प बसवत नाही. म्हटलं जरा हसवावं.

"तू पण ना आक्का. पोत म्हणे कणगीत! आता जन्मभर चिडवतील तुला."

ती हसली नाही. खिडकीतूनच बाहेर बघत म्हणाली, "सुरे, ती पोरगी फोनवर काय म्हनली म्हाईतंय? 'तुमचा पोत.' चा म्हनली. 'तुमची पोत' न्हाई म्हनली. मला चा अन् ची कळत न्हाई व्हय?"

मी वळून तिच्याकडं बघायला लागले.

"सारी हयात रानात गेली माझी. ह्या पट्टीचा पोत कसा, त्या पट्टीचा कसा, कुठं ज्वारी घ्यायची, कुठं तूर, हे तुज्या भावजींना मी सांगते. अन् मला पोत कळना? फोन ठिवला अन् तवाच समजलं मला, त्या यंत्राला माझ्यात कायतरी खोट दिसली."

"मग कणगी? संगणक? ते सगळं?"

"सोंग."

झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला कसं उठवणार!

"लई भ्या वाटलं गं," आक्का म्हणाली. आवाज अगदी बारीक. "माझी मावळन, बापाची भन, ह्याच्यातच गेली. मी ल्हान हुते, पन मला समदं याद हाय. फोन आला तवा तुजे भावजी म्होरंच हुते. म्हनले काय म्हनत्यात? आता खरं सांगावं तर ते जेवनार न्हाईत. माझ्या तोंडातनं आपसूक निघालं, पोतीला जोखीम हाय म्हनत्यात. ते हसले. मला बरं वाटलं. म्हनलं, लोकं येडी म्हनून हसली तर परवडंल, पन माझ्याकडं बघून रडाया नगोत. अन् सगळ्या वस्तीच्या बाया पोती लपवून बसतील, हे मला काय म्हाईत!"

शेवटच्या वाक्याला तिलाच हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझंही तेच झालं. समोरच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "काय बघता? बायका हसताना बघितल्या नाहीत कधी?" तो बिचारा पुढं वळला.

"मला फोन करायचास ना गं," मी म्हटलं.

"तू लेकीच्या बाळंतपनात. अन् तू वरडली असतीस."

ते मात्र खरं होतं. मी तिचा हात धरला आणि नगर येईपर्यंत सोडला नाही.

दवाखाना सावेडीत. स्टँडवरून रिक्षा केली. रोहिणीनं आक्काला बघितलं आणि हळकुंडाचा दोरा स्वतःच पुढं केला. तयारच ठेवला होता पोरीनं! आक्का आत गेली, आणि मी बाहेर खुर्चीवर. भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं. मनात सारखं एकच, देवा, हिला काही होऊ देऊ नको, मी भांडायचं कुणाशी. बाजूच्या बाईनं विचारलं, बहीण का? मी हो म्हटलं. जाऊ म्हणून सांगायचं जिवावर आलं.

खूप वेळानं दोघींना आत बोलावलं. डॉक्टर पंकजा म्हणून होत्या, चष्मा लावलेल्या, माझ्याच वयाच्या असतील. समोर पडद्यावर आक्काचा फोटो. करडा, पांढरा, ढगांसारखा.

"गोजरबाई, तुमच्याकडं रान कसलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

आक्काला वाटलं आधी इस्टेट विचारतायत. "काळं हाय. थोडं मुरमाड."

"मग तुम्हाला लगेच कळेल. माझे वडील शेतीच करतात, मीही असंच समजून घेतलं होतं. मुरमाड रानात एखादा वेगळा धोंडा पडला तर लांबूनही दिसतो. आणि काळ्या ओल्या रानात?"

"ढेकूळ कुटलं अन् धोंडा कुटला, पाय ठेचाळल्याबिगर कळत न्हाई."

"तुमचा आतला पोत तसा आहे. दाट. त्यात गाठ असली तरी लपते. शिवाय अशा पोतात पुढं कधी गाठ व्हायची शक्यताही इतरांपेक्षा जरा जास्त, असं संगणक म्हणतो. एका जागी त्याला शंका आली, म्हणून तुम्हाला बोलावलं. ती जागा आम्ही आत्ता सगळीकडून बघितली, सोनोग्राफीतही बघितली."

आक्का पदराचं टोक पिळत होती.

"तिथं काही नाही. ढेकूळच आहे, धोंडा नाही."

आक्कानं विचारलं, "म्हंजे मी मरत न्हाई?"

"आत्ता तरी नाही," डॉक्टर हसल्या. "पण दर वर्षी यायचं. पोत बदलत नाही लगेच, आपण नजर ठेवायची. पुढं कधी काही उगवलंच तर दोन पानांवर असतानाच उपटता येतं. याल ना?"

"दरसाल?" आक्का म्हणाली. "अवो, सालात दोनदा म्हना, दोनदा येते! बाई, बाई, बाई! सुरे, ऐकलंस का? काय न्हाई मला!" आणि तिनं उठून डॉक्टरांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. डॉक्टरांचा चष्मा वाकडा झाला.

मी तर उड्याच मारायची बाकी होते. पिशवी उचलली, म्हटलं, "चल आक्का, आधी पेढे घेऊ."

"थांबा जरा," डॉक्टर चष्मा सरळ करत म्हणाल्या. "सुरेखाताई ना तुम्ही? वस्तीवरच्या सगळ्या बायका तुम्हीच आणल्यात असं रोहिणी सांगत होती. पण यादीत तुमचं नाव दिसलं नाही मला. तुमचा फोटो?"

"मी रांग बघत होते," मी म्हटलं.

"आणि शेवटी, रांग संपल्यावर?"

"शेवटी गिरणी उघडायची होती. लोकांचं दळण पडलेलं."

"मग आत्ता काढून घेऊ. रोहिणी रिकामीच आहे."

"आत्ता? आत्ता कसं काय? अहो डॉक्टर, आम्ही आलो कशाला, तुम्ही काढलं काय! हिचं झालं ना? मग माझं मधेच कशाला? आमची गाडी आहे, घरी शेळी व्यायला झालीय, गिरणीला कुलूप आहे, आणि मला काय धाड भरलीय? मी ठणठणीत आहे! सकाळी पोतं उचलते मी, पोतं!" माझा आवाज चढत चढत एवढा वर गेला की बाहेरच्या खुर्च्यांवरच्या बायका दारातून डोकावायला लागल्या.

आक्का खुर्चीत शांत बसलेली. "डाक्टरीनबाई," ती म्हणाली, "हिच्या वरडन्याकडं ध्यान दिऊ नगा. मला भ्या वाटलं की मी येड्याचं सोंग घेते. हिला भ्या वाटलं की ही वरडती. लगीन हून आली तवापासनं बघतीया मी. पोराला ताप आला, वरडली. नवऱ्याचा अपघात झाला, दवाखाना डोक्यावर घेतला. काल मला बी वरडली. मी काय बोलले न्हाई."

मला तिला काहीतरी सणसणीत ऐकवायचं होतं. जिभेवर आलेलंही होतं. पण तोंड उघडलं आणि रडूच फुटलं, लहान पोरीसारखं, सगळ्या दवाखान्यासमोर.

"भीती वाटते गं आक्का," मी म्हटलं. "मला खरंच लई भीती वाटते."

"म्हाईतंय मला," आक्का म्हणाली. "ऊठ. मी हाय ना हितं."

तिनं मला हाताला धरून त्या खोलीपर्यंत नेलं. आत मशीन उभं, गार. रोहिणीनं मला नीट उभं केलं, खांदा सैल सोडायला सांगितला, आणि दार लोटून घेतलं. "आता दाबल्यासारखं होईल, थोडंच. श्वास रोखा, काकू. अजिबात बोलायचं नाही."

मी श्वास रोखला. डोळेही मिटले.

तेवढ्यात दाराबाहेरून आक्काचा आवाज आला, थेट आमच्या गिरणीत शोभेल एवढा मोठा. "अगं पोरी, श्वास रोखंल ती! बोलनं कसं रोखंल?"

मला एकदम हसू फुटलं. बाहेर सगळ्या बायका हसल्या, आत रोहिणीही हसली. फोटो हलला, आणि तो परत काढावा लागला.